रव्याच्या कढईतला न्याय

माणसाला जाळण्याची, चटके देऊन कबुली काढण्याची रीत फिरंग्यांनी गोव्यात आणली. आपल्याकडे होते ते ‘दिव्य’, म्हणजे श्रद्धेने घेतलेला सत्याचा शोध. देवगडातल्या एका वक्त्याचा हा लाडका सिद्धांत. त्याला शेपूटही आहे: दिव्यात हात क्वचितच भाजत, कढई पाहूनच खोटा माघार घेई.

गोव्याचे खरेच आहे. १५६० ते १८१२, मधली चार वर्षे सोडली तर, तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, अंमल होता. कातारीना द ओर्ता हिला १५६९ मध्ये जाळले. तिचा भाऊ, वैद्य गार्सिया द ओर्ता, आदल्याच वर्षी मरून सुटला होता; १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. १६७६ मध्ये तिथे शिक्षा ऐकलेला फ्रेंच वैद्य देलों कैद्यांच्या झग्यांवर रंगवलेल्या ज्वाळांविषयी सांगतो. ज्वाळा खाली वळलेल्या असतील तर कबुलीमुळे वाचलेला, वर उसळलेल्या असतील तर जळणारा.

पण आग फिरंग्यांनी आणली? शेत, खळे, घर पेटवणाऱ्याला जाळावे, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते. द्विजांचा नावाजातीवरून अपमान करणाऱ्या शूद्राच्या तोंडात दहा अंगुळे लांबीचा तापलेला लोखंडी खिळा घालावा, असे मनुस्मृती सांगते. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. कौटिल्याने आगाऊच नक्कल करून ठेवली असावी! आणि युरोपला तरी आपल्यापेक्षा सुधारलेला कोण म्हणतो? इंग्लंडने बायकांना जाळण्याची शिक्षा १७९० मध्ये रद्द केली.

आता वक्त्याचे आवडते दिव्य. मराठेशाहीत वतनाचा वाद कागदाने आणि साक्षीने सुटेना, की रवादिव्य व्हायचे. कढईत तूप-तेल उकळायचे, त्यात धातूचा तुकडा, म्हणजे रवा, टाकायचा आणि दिव्य करणाऱ्याने तो उघड्या हाताने काढायचा. मग हातावर पिशवी चढवून मोहोर करायची. ठरल्या दिवशी पिशवी उघडून हात पाहायचा. फोड नसेल तर दावा खरा. हरलेल्याने येजितखत, म्हणजे हार मानल्याचे पत्र, लिहून द्यायचे. उकळते तेल कातडीला लागले तर काय होते, हे कोकणात वडे तळणाऱ्या कोणालाही विचारावे. तिथे दाव्याचा खरेखोटेपणा तेल विचारत नाही. वक्ता म्हणतो, भीतीनेच काम भागे. अगदी बरोबर, आणि यातना देणाऱ्याचे कामही भीतीनेच भागते. जो कढई पाहून मागे सरला तो खोटा होता की नुसता घाबरला होता, हे कोणी ठरवले? खरा दावा असलेला भित्रा माणूस वतन घालवून घरी गेला असेल, आणि निर्ढावलेला लबाड पाटील झाला असेल. शिवाय ही श्रद्धा सर्वांना सारखी नव्हती. याज्ञवल्क्यस्मृतीने स्त्रिया, मुले, वृद्ध, आंधळे, पांगळे, रोगी यांच्यासाठी तराजूचे दिव्य ठेवले, ते समजण्यासारखे आहे. पण त्याच यादीत धडधाकट ब्राह्मणही बसवला. सत्य शोधणाऱ्या आगीला जात बरी कळत होती!

सतीच्या वेळीही हेच झाले. १८२९ मध्ये बंदी येण्याआधी आणि नंतरही ‘ती स्वेच्छेने जाते’ हे उत्तर तयार असे. स्वेच्छेभोवती ढोल-ताशे आणि नातलगांचा गराडा कशाला, याला मात्र उत्तर नसे.

हे जुने झाले म्हणावे तर २०२१ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या परांड्यात एका नवऱ्याने बायकोच्या चारित्र्याची परीक्षा म्हणून तिला उकळत्या तेलातून नाणे काढायला लावल्याचे उघडकीला आले. तिथे फिरंगी नव्हता.

मांडायचे ते थोडके. अभिमान हवाच असेल तर त्याच परंपरेतला दुसरा नियम घ्यावा: माणसांचा पुरावा असताना दैवी पुरावा नको. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात दिव्यांबरोबर गोतसभांचे, म्हणजे गावच्या न्यायसभांचे, कामकाजही मांडले आहे. गोत जमायचे, कागद वाचले जायचे, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा मजहर लिहिला जायचा. त्या मजहरावर पाटलाची नांगराची निशाणी असे, आणि खाली बलुतेदार आपापल्या हत्याराच्या खुणा करत.