‘मूळ पाठ’ नावाची सोय

शोपँ वाजवायचा तर कोणतं पुस्तक घ्यावं, असं पियानो शिकणाऱ्या कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: ‘उर्टेक्स्ट’ घ्या. म्हणजे मूळ पाठ, संपादकाची लुडबुड नसलेला. मुखपृष्ठावर तो शिक्का दिसला की प्रश्न मिटला, असं मानायची पद्धत आहे. माझं म्हणणं असं की शोपँच्या बाबतीत एकच एक ‘मूळ पाठ’ ही दुकानदाराची सोय आहे, आणि आपण तिला विद्वत्ता समजून बसलो आहोत.

त्या काळी प्रकाशनाचे हक्क देशाच्या सीमेपलीकडे चालत नसत. चोरटी छपाई टाळायची तर एकच रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडनमध्ये साधारण एकाच सुमारास छापून आणावी लागे. तिघा प्रकाशकांच्या हाती पडणारा मजकूर मात्र सारखा नसे. कुणाकडे शोपँचं हस्तलिखित, कुणाकडे मित्राने केलेली नक्कल, कुणाकडे दुसऱ्या शहरातली मुद्रितं. एका मुद्रितात त्याने ऐनवेळी केलेला बदल दुसरीकडे पोचेलच असं नाही. थोडक्यात, ‘पहिली आवृत्ती’ एक नाही, तीन आहेत.

आता बी फ्लॅट मायनर सोनाटा (ओपस ३५) घ्या. शवयात्रेची ती सुप्रसिद्ध धून असलेला. तो १८४० साली छापला गेला. सुरुवातीला चार मात्राखंडांचा संथ, जड प्रवेश आहे आणि मग वेगवान भाग सुरू होतो. लाइपझिगच्या आवृत्तीत या वेगवान भागाच्या तोंडाशी पुनरावृत्तीचं चिन्ह आहे. पॅरिस आणि लंडनच्या आवृत्त्यांत ते नाही. म्हणजे मागे जायचं ते थेट पहिल्या स्वरापर्यंत. पियानोवादक आणि लेखक चार्ल्स रोझेन यांनी लाइपझिगचं चिन्ह ही छपाईची चूक ठरवली. त्यांचा मुद्दा कानाला पटणारा आहे: पुनरावृत्तीच्या टोकाला संगीत डी फ्लॅटवर विसावण्याची वाट पाहत असतं, आणि संथ प्रवेशाचा पहिला स्वर डी फ्लॅटच आहे. ब्राम्सने १८७८च्या सुमारास या सोनाटाचं संपादन केलं तेव्हा ते चिन्ह ठेवलं नाही. तरीही कित्येक वादक पिढ्यान्‌पिढ्या पाचव्या मात्राखंडावरच परतत राहिले. दोन ठिपके, आणि अख्ख्या भागाचा आकार बदलला.

“मग चुका काढून टाका, उरेल तो मूळ पाठ,” असं कुणी म्हणेल. तर मग सी मायनर प्रिल्यूड (ओपस २८, क्रमांक २०) पाहा. जेमतेम तेरा मात्राखंड. तिसऱ्याच्या शेवटच्या स्वरमेळातला ‘ई’ १८३९च्या छापील आवृत्त्यांत शुद्ध आहे. एका शिष्येच्या छापील प्रतीत मात्र तिथे पेन्सिलीने कोमलचं चिन्ह केलेलं आहे. शुद्ध घेतला तर क्षणभर उजेड पडतो, कोमल घेतला तर अंधार तसाच राहतो. यातली चूक कोणती? छापताना राहून गेलेलं चिन्ह, की नंतर बदललेलं मन? दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. पण संपादकाला एकच स्वर छापावा लागतो, आणि दुसरा पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपात जातो. तिथवर जातं कोण?

म्हणूनच आवृत्त्या शेजारी ठेवून पाहणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग नाही. कुठला फरक चुकीचा आणि कुठला खुद्द रचनाकाराचा, हे ताडून पाहिल्याशिवाय कळतच नाही. पाठभेद म्हणजे काय, हे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या समाजाला समजावून सांगायला नको. एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या, त्याला आपण पुण्यकर्म म्हणतो. मग पियानोसमोर बसल्यावर आपण शिक्क्यापुढे मान का तुकवतो?

शोपँच्या पहिल्या आवृत्त्यांची पानं आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या शिक्षकाने “पुस्तकात असंच आहे” म्हणून विषय बंद केला, तर नम्रपणे विचारा: कोणत्या?