मार्चचा शेरा आणि चाकणचं गेट

मार्च-एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तकं भरण्याची घाई असते. 'सहकार्य', 'वक्तशीरपणा' या रकान्यांत आम्ही शिक्षक एका बैठकीत सगळ्या वर्गाला 'चांगला', 'समाधानकारक' लिहून मोकळे होतो. हे आम्हीही केलंय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा, असं उद्दिष्ट ठेवलं. नववीपासूनच्या व्यवसाय विषयांत संवाद, स्व-व्यवस्थापन, संगणक, उद्योजकता असे रोजगारक्षमतेचे धडेही आहेत. पण त्यावर शेवटी एकदाच गुण मिळतात. मूल जूनमध्ये कुठे होतं आणि मार्चमध्ये कुठे पोचलं, हे त्या आकड्यातून कळत नाही.

भोसरी-चाकणच्या गेटमधून आत गेल्यावर कस दुसऱ्याच गोष्टींचा लागतो. पोरगा पाळीला वेळेवर येतो का? तीन सूचना एकदम दिल्या तर तिन्ही पार पाडतो का? पार्ट खराब झाला तर सुपरवायझरला लगेच सांगतो, की गुपचूप पुढे ढकलतो? हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण शाळेत आम्ही उलटंच शिकवतो. चूक दिसली की लाल शाई, मग मूल लपवायलाच शिकणार.

उर्दू माध्यमाच्या मुलांचा पेच आणखी वेगळा. काम डोक्यात पक्कं असतं, पण मराठीत सांगताना जीभ अडखळते, आणि समोरच्याला वाटतं याला कामच येत नाही. म्हणून रकाने दोन हवेत: काम समजलं का, आणि ते मराठीत सांगता आलं का. दोन्ही एकत्र मोजले तर हुशार मूल कच्चं ठरतं.

भंगाराच्या दुकानात वाढलेलं मूल तांबं, पितळ, ॲल्युमिनियम हातात घेताच वेगळं करतं. हा हुनर कुठल्याच रकान्यात बसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली दुकानं-गोदामं पाडली, तेव्हापासून 'शिक्षण नाही तर अब्बांचा धंदा आहेच' हा आधारही अनेक घरांत उरलेला नाही.

मोजायला मोठा खर्च लागत नाही. एक व्हर्नियर कॅलिपर, दहा नट, त्यातला एक मुद्दाम खराब. मोजून वहीत नोंद करायची आणि मराठीत तोंडी सांगायचं. हेच काम जून, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये, तारखेसह. खराब नट कोणी स्वतःहून दाखवला, कोणी गप्प राहिलं, ते लिहून ठेवायचं. मात्र यावर पास-नापास लावायचं नाही. लावलं की तो नट पुन्हा खिशात जाईल.

पालकसभेत बहुतेक अम्मी-अब्बा टक्केच विचारतात. यंदा जूनची आणि नोव्हेंबरची नोंद शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, असं म्हणा. अशी वही नसेल तर शिक्षकांना थोडं अवघडल्यासारखं होईल, आम्हालाही होईल. होऊ द्या.