अंगठा देण्याआधी



लागणीच्या हंगामात घडलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो. चूक माझी आहे, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी यूट्यूबचा एक व्हिडिओ टाकला होता. ‘तणनाशकातच विद्राव्य खत मिसळा, एका फवारणीत दोन कामे’ असा त्याचा मथळा. मी ऊस नोंदीच्या गडबडीत होतो. शेदोनशे मेसेज पडून होते. व्हिडिओ उघडलासुद्धा नाही. सभासद काही नवीन बघतात, टाकतात, म्हणून कौतुकाने खाली अंगठा दिला आणि पुढे सरकलो.

आठ-दहा दिवसांनी एक वयस्कर सभासद गट ऑफिसात आले. वीस गुंठ्यांतल्या कोवळ्या उसाची पाने करपली होती. मी म्हटलं, “आण्णा, मारायच्या आधी मला एक फोन तरी करायचा होता.” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, फोन कशाला करायचा? खाली तुमचाच अंगठा होता की.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. नंतर तो व्हिडिओ पूर्ण पाहिला. पंपाला किती घ्यायचे, ऊस किती दिवसांचा असावा, जमिनीत ओल कशी हवी, यातले एक अक्षर त्यात नव्हते. ऊस पुढे सावरला, पण फुटवे मेले ते मेलेच.

तेव्हापासून एक विचार मनात घोळतो आहे. आपल्या आज्या-पणज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण सोसायटीच्या कर्जरोख्यावर अंगठा उठवण्याआधी ते शेजारच्या शिकलेल्या पोराकडून कागद दोनदा वाचून घेत. अंगठा दिला म्हणजे जमीन गुंतली, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आम्ही डिप्लोमा-डिग्री झालेली माणसे मात्र न वाचता दिवसाला पन्नास अंगठे देतो. खरे अंगठेबहाद्दर कोण, ते तुम्हीच ठरवा.

इंटरनेट वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. गावोगावी संगणक केंद्रे निघाली. ऊस नोंद, तोडणी, वजन, खताची उचल ही माहिती सभासदाला कारखान्यावर हेलपाटा न घालता गावातच मिळावी, हा त्यामागचा विचार. पुढे त्यातल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर हीच माहिती देण्याचा प्रयोगही झाला. म्हणजे हे तंत्र आपल्या सहकाराला नवे नाही. शहरातल्या अनेक घरांत संगणक नव्हता तेव्हा ऊसवाल्याच्या गावात तो आला होता.

पण त्या माहितीला मालक होता, ही गोष्ट ध्यानात घ्या. वजन चुकले तर कुणाला विचारायचे, हे सभासदाला माहीत होते. आज मोबाईलवर येणाऱ्या मेसेजला मालक नसतो. तो कुणी लिहिला, कुठल्या जमिनीवर अनुभव घेतला, कुणाला विकण्यासाठी लिहिला, काही पत्ता लागत नाही. आपल्याला तो मेहुण्याकडून किंवा भाचीकडून येतो, म्हणून आपण मेहुण्यावरचा विश्वास त्या मेसेजवर टाकतो. सगळी गफलत इथेच आहे.

या गफलतीची किंमत कुठवर जाते, ते आपल्याच राज्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून आधीच पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. कंपनीने आपल्या परीने बंधन घातले. पण बोट आपले आहे, त्याला बंधन आपणच घालायचे. त्या अफवा पुढे पाठवणाऱ्यांतल्या कित्येकांना आपण पोरांच्या काळजीपोटी चांगलेच काम करतो आहोत, असे वाटले असेल. भीती त्याचीच वाटते.

उसाची गोष्ट त्यामानाने लहान, पण प्रकार तोच. ‘उसाला एवढे नत्र द्या’ असा मेसेज फिरतो. कुठल्या उसाला? आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, सुरूला २५० किलोची. मेसेजमध्ये हंगामच लिहिलेला नसेल, तर तो खरा असूनही खोटा ठरतो. त्यातून सुरूवाल्याने आडसालीचा डोस दिला, तर खर्च त्याचा आणि नुकसान जमिनीचे.

काही जण म्हणतील, साहेबांना आता सल्ल्याची मक्तेदारी जाण्याची भीती वाटते. तसे नाही. आमच्या खात्याचेही चुकते. तुम्ही चार वेळा बोलावल्यावर आमचा माणूस एकदा येतो, मग सभासद यूट्यूब बघणार नाही तर काय करणार? मोकळ्या जागी तण माजते, तशी ही गत आहे. त्यामुळे मोबाईलला दोष देण्याआधी बांधावरची आमची फेरी वाढली पाहिजे, हे मी कबूल करतो.

शिवाय या मोबाईलने भलेही पुष्कळ केले आहे. पावसाचा अंदाज, बाजारभाव, सातबारा घरबसल्या दिसतो. पूर्वी सभेत मागे बसणाऱ्या भगिनी आज ग्रुपवर तोडणीच्या पाळीबद्दल सरळ प्रश्न विचारतात. हे मला फार मोलाचे वाटते. हे घालवायचे नाही, उलट टिकवायचे आहे. म्हणूनच ग्रुप स्वच्छ ठेवायचा.

त्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. शेतीचा कुठलाही सल्ला पुढे पाठवताना तो कुणाचा, कुठल्या जमिनीचा, कुठल्या हंगामाचा हे लिहा. लिहिता येत नसेल तर पाठवू नका. नवे औषध किंवा मिश्रण आधी एका सरीवर मारा, आठ दिवस थांबा, मग बाकीच्या उसाचा विचार करा. आणि माणसाविषयी, जातीविषयी, परक्या वाटसरूविषयी काही आले, तर ते तुमच्या मोबाईलवरच संपू द्या.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. यापुढे ग्रुपवर मी अंगठा देणार नाही. बरोबर असेल तर ‘बरोबर आहे’ आणि चूक असेल तर ‘मारू नका’ असे शब्दांत लिहीन, खाली नाव घालीन. त्या आण्णांच्या वीस गुंठ्यांत खोडवा राखायचा आहे. ऊस तुटून गेल्यावर पाचट आच्छादनाला मी स्वतः जाणार आहे. त्यांनी मला बोलावले आहे, आणि ते फोन करून.

— ऊस विकास अधिकारी