चला, करू या!
किल्ला कुणाचा? सगळ्यांचा!

काय दोस्तांनो, सहामाहीचे पेपर डोक्यावर आणि मन मात्र किल्ल्याच्या मातीत, असंच ना? मग परीक्षेआधीच्या रविवारचा फक्त अर्धा तास द्या. किल्ला मातीनं उभा राहतो हे खरं, पण त्याची सुरुवात होते बैठकीनं!

आधी एक गोष्ट सांगतो. मी तुमच्याएवढा असताना आमच्या वाड्यात आम्ही चौघांनी किल्ला केला. शेजारी एक इमारत बांधली जात होती. तिथं राहणारा एक मुलगा रोज येऊन बघत उभा राहायचा. आम्ही त्याला एवढंच म्हणायचो, "ए, हात लावू नकोस हं!" धनत्रयोदशीच्या रात्री किल्ल्याची एक बाजू धाडकन ढासळली. सकाळी आम्ही रडकुंडीला आलेले. तो हळूच म्हणाला, "आत नुसती माती भरलीय. दगड घाला, वर चिखलातलं गोणपाट टाका." त्याचे वडील गवंडी होते! त्यानं दुपारपर्यंत बुरूज उभा करून दिला. पाडव्यानंतर त्यांचं बिऱ्हाड दुसऱ्या बांधकामावर गेलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं, आपण त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. ती चुटपुट अजून आहे.

म्हणून बैठकीचा पहिला नियम : सोसायटीतली, वाड्यातली, वस्तीतली सगळी मुलं-मुली बोलवा. वॉचमनकाकांची मुलं, नवीन राहायला आलेली, सगळी. आणि 'तू काय आणणार?' असं विचारू नका. 'तुला काय येतं?' असं विचारा. कुणाला चित्र येतं, कुणाला हिशेब, कुणाची आजी मातीच्या चुली घालायची. सगळं वहीत लिहा.

आता किल्ला निवडा. यंदा राजगड कराल? रायगडाआधी शिवरायांची राजधानी इथंच होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगडही आहे. शिवाय त्याची वाटणी सोपी! पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या अन् मधोमध बालेकिल्ला. झाल्या की नाही चार तुकड्या? प्रत्येक तुकडीत एक मोठा आणि एक छोटा हवाच. नाहीतर छोट्यांच्या वाट्याला नुसतं पाणी आणणं येतं!

तारखा मात्र उलट्या मोजा. वसुबारसेला मावळे चढायचे, तर हळीव किंवा मोहरी पाच दिवस आधी पेरायला हवी, तरच डोंगर हिरवा दिसेल. त्याआधी चिखल थोडा सुकायला दोन-तीन दिवस. म्हणजे डोंगर आठ दिवस आधी तयार. विटा, दगड, पोती आणि लाल माती दहा दिवस आधी. बैठक पंधरा दिवस आधी. पेपरच्या दिवसांवर फुली मारून हे कागद जिन्यात चिकटवा.

पुण्यात हल्ली तयार किल्लेही विकत मिळतात. आणला, ठेवला, झालं! पण त्यात मजा कसली? त्यापेक्षा सगळे मिळून कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात जा. मातीचे मावळे साच्यातून कसे काढतात, ते कुंभारकाकांना विचारा. मात्र त्यांची दिवाळीची गडबड असते, तेव्हा आधी जा, आणि घासाघीस करू नका बरं का.

भांडणं होणारच. महाराज कुठं बसवायचे यावरून तर हमखास! तेव्हा हात वर करून मोजा, आणि ठरलं की कुरकुर बंद.

शेवटचं काम दिवाळीनंतरचं. मावळे पुसून डब्यात ठेवा, माती कुंड्यांना द्या. आणि किल्ल्यापुढं एक पाटी लावा. तिच्यावर किल्ल्याचं नाव आणि खाली करणाऱ्यांची नावं. सगळ्यांची. एकही राहू देऊ नका.

आमच्या पाटीवर एक नाव राहिलं होतं. तुमच्या राहणार नाही ना?