गडाला खिडकी नसते

मैसूरजवळ राहत असल्यामुळे महाराष्ट्रातून येणारे पाहुणे मला हमखास विचारतात, "चामुंडीवर बघण्यासारखं काय आहे?" वरुणाच्या तळ्याकाठून स्वच्छ हवेत तो डोंगर दिसतो, तेव्हा हात दाखवून सांगायला सोपं जातं. हजारभर पायऱ्या आहेत. वाटेत एकाच दगडात कोरलेला प्रचंड नंदी आहे. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियार यांनी तो घडवून घेतला. माथ्यावर चामुंडेश्वरीचं देऊळ आहे आणि हातात तलवार व नाग घेतलेला रंगीत महिषासुर आहे. शिवाय डोंगराच्या कडेला वडियारांचा राजेंद्र विलास हा राजवाडा आहे. तिथे काही काळ हॉटेल चाललं, पुढे तेही बंद पडलं.

यातला राजवाडाच मला सर्वांत विचार करायला लावतो. इतक्या मोक्याच्या उंचीवर बांधलेली ही वास्तू, पण तिची सगळी नजर देखाव्याकडे! मोठ्या खिडक्या, सज्जे, खाली पसरलेलं शहर. आपल्या गडांवर भिंतीतून बाहेर बघायला जंग्या असतात. बंदुकीची नळी बाहेर जावी, पण शत्रूची गोळी सहसा आत येऊ नये, एवढंच त्यांचं तोंड. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि इथल्या डोंगरांचं लढाईचं काम संपलं. म्हणून विसाव्या शतकात राजाला माथ्यावर निवांत खिडकी उघडता आली.

सिंहगडाचंही तेच झालं. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला, मग माथा थंड हवेचा झाला. लोकमान्य टिळकांचा बंगला तिथे आहे, तो त्या नंतरच्या काळातला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेल्या कोणालाही सिंहगड वेगळा सांगावा लागत नाही. पाठीवर वजन घेऊन तो चढलेला माणूस ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र पुस्तकाशिवाय समजू शकतो. चढ हाच गडाचा पहिला पहारेकरी, हे तेव्हा गुडघ्यांना कळतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की गडाला खिडकी करू नका. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. अभिमान वाटलाच पाहिजे. पण आता गर्दी वाढेल, आणि गर्दीबरोबर रंगीत दिवे, सेल्फीचे चौथरे आणि वाहनतळ माथ्यापर्यंत सरकत येतील. रायगडच्या रोपवेला माझा विरोध नाही. गुडघा गमावलेल्या जवानाला आणि सत्तरीच्या आजीला महाराजांच्या समाधीपर्यंत पोहोचायचा हक्क आहे. मात्र वर पोहोचल्यावर त्यांना किल्लाच दिसला पाहिजे, बाग नव्हे.

किल्ला दिसायचा तर काही प्रश्न विचारावे लागतात. पाणी कुठे साठवलं? दरवाजा वळणाआड का लपवला? देवडीत पहारा किती माणसांचा असेल? धान्य कोणी वाहून आणलं? आपले फलक राजांची नावं आणि लढायांच्या तारखा सांगतात. त्या सांगाव्यातच. पण भर पावसात रात्रभर जंगीपाशी उभा राहिलेला मावळा त्यांच्यात क्वचितच असतो. ज्यांनी सियाचेनला किंवा कारगिलच्या चौकीवर पहारा दिला आहे, त्यांना तो मावळा ओळखीचा वाटेल. माजी सैनिक मित्रांनो, म्हणूनच नातवंडांना गडावर तुम्हीच न्या. टाक्यापाशी बसवा आणि इथे शंभर माणसं चार महिने कशी जगली असतील, याचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. पिठलं-भाकरी त्यानंतर.

चामुंडीवरही जरूर या, जमल्यास पायऱ्यांनी. माथ्यावरचा देखावा मनसोक्त बघा. असा देखावा निवांतपणे बघता येतो, कारण आज दुसऱ्या कुठल्यातरी उंचीवर कोणीतरी जंगीतून बघत उभा असतो.