नदी धुऊन निघत नाही

माउली, ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की आपण म्हणतो, 'बरे झाले, इंद्रायणी धुऊन निघाली.' हे म्हणणे आता सोडा. धुऊन निघते ते शहर, आणि ते धुवण नदीत येते.

उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, टायरची झीज, बांधकामाची धूळ, कुत्र्यागुरांची घाण, आपल्याच पिचकाऱ्या, सारे पहिल्याच जोराच्या सरीत पावसाळी गटारात उतरते. हे गटार मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जात नाही, सरळ ओढ्यात सुटते. माती पाणी जिरवते, गाळते. डांबर नि काँक्रीट जिरवत नाही. म्हणून घाण येते तीही लोंढ्याने, काठ खरवडत.

आळंदीत फेस दिसला की आपण कारखान्याकडे बोट दाखवतो. जरूर दाखवावे. पण सोसायटीच्या अंगणात फरशी घालायचे ठरले, तेव्हा सभेत हात कोणी वर केला? गळ्यात माळ असलेल्यांनीही केला. मीही केला.

इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला. तिथून खालच्या गावांच्या गुरांपुढे, शेतांत हेच पाणी. पुढे उजनी, आणि पंढरीत हिलाच आपण चंद्रभागा म्हणून ओंजळीत घेतो. त्या गावांनी कोणते डांबर ओतले होते?

प्रस्थानाआधी आपल्या नगरसेवकाला विचारा, आमच्या गल्लीचे पावसाळी गटार कुठे सुटते? दिंडीच्या स्वागताच्या फलकावर त्यांचा फोटो असतोच. भेट अवघड नाही.