पाच वेळा बरोबर, म्हणून?

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी आमच्या टीम लीडने परत तेच वाक्य टाकलं, "पाचही टेस्ट केसेस पास आहेत, अजून काय पाहिजे?" टेस्टिंगला नवीन आलेली मुलगी मेल करून एक दिवस जास्त मागत होती. "फार निगेटिव्ह विचार करतेस" असं तिला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. मी गप्प बसलो. ते अजून डोक्यात आहे, म्हणून हे लिहितोय.

मंडळी, ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या बघा. २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा नावाच्या फ्रेंच गृहस्थाने (पेशा कायद्याचा, गणित हौसेचं!) १६४० मध्ये पत्रांतून मांडलं की २ चे १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे घात घ्या, त्यात १ मिळवा, मूळ संख्याच येणार. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ. झालं, पाच टेस्ट केसेस पास! पण सिद्धता आपल्याकडे नाही हे त्याने कबूल केलं होतं. आमच्या लीडएवढा आत्मविश्वास फर्मालाही नव्हता :-)

सहावी ही आपली वरची. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे. भागाकारही करायला नको. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५ × १२८ ची बाकी वजा १, त्याच्या चौथ्या घाताची १. म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी वजा १६ चालतात. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी वजा १, त्यात १ मिळवला की शून्य. खल्लास.

या सहावीपासून पुढच्या ओळीने २८ तपासून झाल्यात, सगळ्या संयुक्त. सापडलेल्या मूळ त्या पाचच!

"एवढ्या मोठ्या आकड्यांशी आपला काय संबंध?" असं विचारणारे भेटतातच. तर ऐका. आमच्या प्रोग्रॅममध्ये बिलाची रक्कम पैशांत, ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये. मर्यादा २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. टेस्टची पाचही बिलं हजारांतली. सोमवारी क्लायंटचं अडीच कोटींचं बिल आलं आणि छापून निघालं वजा १,७९,४९,६७२.९६! नेमके २ चा ३२ वा घात इतके पैसे गायब. सगळंच टेस्ट करता येत नाही, मान्य. पण मर्यादा कुठे आहे ते तरी बघाल की नाही?

मग मेल आली, "टेस्टिंगने हे का पकडलं नाही?" मी तिची शुक्रवारची मेल जोडून सगळ्यांना रिप्लाय केला. लीडचं उत्तर अजून आलेलं नाही.